मधल्या खुर्चीतल्या बाई

शनिवार, ९ नोव्हेंबर

ती. वन्सं,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तुम्हीही ठीकच असणार, तुमचं कधी काही बिघडत नाही. फोन केला की तुम्ही "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहायला बसले.

आईंची तब्येत सुधारली आहे. वॉकर धरून गॅलरीपर्यंत जातात आणि समोरच्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांना नावं ठेवतात, म्हणजे पूर्ववत झाल्या म्हणायला हरकत नाही. तुमचे बंधुराज आहेत तसेच आहेत. काहीही सांगा, "जाऊ दे ना."

आता मुलाखतीचं सांगते. खोक्यांच्या कारखान्यात डिस्पॅच मॅनेजरची जागा होती. तयार माल ट्रकमध्ये चढवून वेळेवर रवाना करायचा. लग्नाआधीपासून मी तेच करत आले, ट्रक कसा भरायचा हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ते कुणी विचारलंच नाही. आधी फोनवर तासभर पिडलं. मग कॉम्प्युटरवर त्रिकोण-चौकोन जुळवायला लावले. मग आम्हा सगळ्या उमेदवारांना एका खोलीत कोंडून कागदी कपांचा मनोरा रचायला सांगितला आणि काचेपलीकडून दोघंजण काहीतरी लिहून घेत बसले. माझ्या शेजारी एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. मनोरा कोसळला तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, असा ट्रक भरला असता तर मला दुसऱ्या दिवशी हाकललं असतं." शेवटची फेरी दोनदा पुढे ढकलली, दोन्ही वेळा मी तिथे जाऊन बसल्यावर.

त्या फेरीत समोर तिघं होते. डावीकडचे साहेब सगळा वेळ मोबाइलमध्ये. उजवीकडे हिशेबखात्याचे टकले साहेब, माणूस सरळ वाटला. मधल्या खुर्चीत एक बाई, चष्मा साखळीला अडकवलेला. त्यांनी माझा अर्ज हातात घेतला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वतःबद्दल थोडं सांगा."

वन्सं, तुम्ही मला अहो-जाहो केलंत तेव्हा हसू आवरेना. दर सुट्टीत माझ्या हातचं जेवून गेलेल्या बाईंना मी स्वतःबद्दल काय सांगणार? पण आदल्या दिवशी तुम्ही फोन करून बजावलं होतंत, "आत आपली ओळख नाही हं. लोक नाही नाही ते बोलतात." मला ते पटलंही होतं. वशिला मला नकोच होता. मी निमूटपणे सगळी माहिती सांगितली.

मग तुम्ही पेनाचं टोक अर्जावर टेकवलंत. "इथे चार वर्षांचा खंड दिसतो. या काळात तुम्ही काय करत होतात?"

मला वाटलं, आता हसाल. निदान मान तरी खाली घालाल. तुम्ही शांतपणे उत्तराची वाट पाहत होतात. "घरी आजारपण होतं," मी म्हटलं, "अर्धांगवायू." टकल्या साहेबांना वाईट वाटलं. त्यांनी सहज विचारलं, "मग बघायला दुसरं कुणी नव्हतं का हो?"

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पान उलटलंत.

"नव्हतं," मी म्हटलं.

त्या वेळेपासून माझं डोकं थाऱ्यावर नाही. आई पडल्या तेव्हा तुम्हीच माझा हात धरून म्हणाला होतात, "माझी बढती तोंडाशी आलीय गं. तू आहेस म्हणून मी निर्धास्त." मी नोकरी सोडली, तुम्हाला बढती मिळाली. आणि त्याच बढतीच्या खुर्चीत बसून तुम्ही मला विचारलंत, मी काय करत होते. चोर तो चोर, वर शिरजोर. मला तुमचा राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

नकाराच्या पत्रावर सही तुमचीच. कारण, "कामातील दीर्घ खंड". बंधुराज म्हणाले, "तिचेही नियम असतात, जाऊ दे ना." आईंनी मात्र ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मग मला खोदून खोदून विचारलं आणि मी सगळं सांगितलं, टकल्या साहेबांच्या प्रश्नासकट. त्यांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाल्या, "माझी बॅग काढ. जाते मी तिच्याकडे."

"प्रवासाचा त्रास होईल तुम्हाला."

"होऊ दे. बॅगेवर लिही, ही बाजू वर. खोकीवाल्यांना कळतं ते."

परवापासून मी एका गोदामात लागतेय. मॅनेजर नाही, साधी सुपरवायझर. तिथल्या मालकांनी एवढंच विचारलं, कधीपासून येताय. त्यामुळे आईंचं आता तुम्हालाच बघायचंय. त्यांना डाव्या कुशीवर झोपवू नका. गोळ्या जेवणानंतर द्या. त्या हाक मारत नाहीत, पलंगावर काठी आपटतात, तेव्हा ऐकू येईल इतक्या जवळ झोपा. किती दिवस राहणार ते त्यांनी मला सांगितलेलं नाही.

हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. तुम्ही वाचून संपवेपर्यंत त्या समोर गप्प बसणार आहेत. मग एकच प्रश्न विचारतील, तोही अहो-जाहो करून: या चार वर्षांत तुम्ही काय करत होतात?

आपली ओळख नसलेली,
तुमची भावजय