तुझ्या नावावर चढलेली माझी दोन मेडलं

प्रिय सत्ताईस,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि तुला जाऊन तीन वर्षं झाली. जिवंत होतास तेव्हा मंठ्याहून हसनाबादला एक पोस्टकार्ड टाकणंसुद्धा मला जमलं नाही. मग आता का? आठ दिवसांखाली रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. माझ्या सैन्यातल्या नोंदी दुरुस्त करा म्हणून केलेला अर्ज मंजूर झाला. पत्राला दोन पानं आहेत. पहिलं पान मी घरात सगळ्यांना दाखवलं. दुसरं कुणालाच दाखवलं नाही. त्या दुसऱ्या पानाविरुद्ध मला आता एक नवा अर्ज लिहायचाय. कालपासून तीनदा बसलो, तीनदा पेन बंद करून उठलो. म्हटलं, आधी तुलाच लिहावं.

आपलं नाव एक. उत्तम. आडनावही एकच. आठवतं, भरतीच्या दिवशी जालन्याच्या मैदानावर नाव पुकारलं तर आपण दोघं उठून उभे राहिलो आणि अख्खी रांग हसली! तू हसनाबादचा, घरी शेती. मी मंठ्याचा, बाप मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल. तू राम राम म्हणायचास, मी जय भीम. महिन्याभरात तू मला जय भीम घालायला लागलास आणि मी तुला राम राम. पलटणीत घोळ नको म्हणून हवालदारानं आपल्याला नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून हाका मारायला सुरुवात केली. तू सत्ताईस, मी चौसठ. पुढं नाव विसरूनच गेलो. तुझ्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा त्यावरचं 'उत्तम' वाचून मला क्षणभर वाटलं, आपलंच लग्न ठरलं की काय!

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. आज बोलतो.

शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत उतरून तेरावा दिवस होता. सकाळच्या गस्तीच्या यादीत तुझा नंबर होता आणि तू तंबूत दोन कांबळी घेऊन पडला होतास.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"ताप भरलाय. उठवंना गेलंय."

मी तुझ्या कपाळाला हात लावून पाहिला नाही. म्हणालो, "मंग झोप. मी जातो तुझ्या जागी."

हवालदाराला सांगितलं. तो हसला. "एक ही बात है, तुम दोनों उत्तम हो." यादी तशीच राहिली. तुझा नंबर, माझे पाय.

ताडाच्या झाडांमधून लाल मातीची पायवाट होती. सुरुंगाचा आवाज मला आठवत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, पण नाहीच आठवत. तोंडात माती गेली होती आणि ती खारट लागली होती, तेवढं आठवतं. शुद्धीवर आलो ते मद्रासच्या हॉस्पिटलात. डावा पाय घोट्यातून वाकडा झाला तो झालाच. हॉस्पिटलात मी माझा खरा नंबर सांगितला, त्यांनी त्यांच्या कागदात तो दुरुस्त केला. पलटणीच्या कागदात मात्र यादीतला नंबर तसाच राहिला. जखमी झाला तो सत्ताईस. मला हॉस्पिटलातून थेट पलटणीच्या इकडच्या डेपोत पाठवलं आणि डेपोतूनच घरी. माझ्या डिस्चार्ज बुकात फक्त डेपो आहे. समुद्र ओलांडल्याचा एक शब्द नाही.

मंठ्यात लोक विचारायचे, पायाला काय झालं? मी सांगायचो, लढाईत. मेडल कुठंय? मेडल नव्हतं. मग कुणीतरी उठवलं, फौजी ट्रकातून पडला. पुढं कुणी त्यात दारू घातली. मी दारूला शिवत नाही हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पण मी कुणाला काही म्हणालो नाही. लोकांचं काय घेऊन बसायचं!

पाच वर्षांखाली मात्र घरातच ते ऐकलं. माझा मुलगा मिलिंद, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, तो फटफटी फार जोरात चालवायचा. मी अंगणात बोललो, "जरा हळू चालवत जा."

तो म्हणाला, "तुमच्यासारखा ट्रकातून पडणार न्हाई मी."

सूनबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. तो कप तिनं तसाच आत नेला. मिलिंदच्याही लक्षात आलं असावं, तो मान खाली घालून दुकानावर गेला. पोराला तरी काय दोष देऊ? त्यानं लहानपणापासून शाळेत तेच ऐकलं होतं. त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज केला.

दोनदा उत्तर आलं, अशी नोंद आढळत नाही. तिसऱ्यांदा माहितीच्या अधिकारात सगळे कागद मागवले. ते येईपर्यंत तू गेलास. पलटणीच्या ग्रुपवर मोबाईलमध्ये तुझा फोटो आला, खाली दोन ओळी. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, मीही टाकलं. एकदा बोट टेकवलं की झालं! तुझ्या दहाव्याला आलो नाही. घरी सांगितलं, पाय दुखतोय. दुखत नव्हता.

महिन्याभरानं कागद आले. त्यात लिहिलं होतं, जखमेचं एक आणि विदेश सेवेचं एक, अशी दोन मेडलं तुझ्या नंबरावर निघाली, रजिस्टर पोस्टानं हसनाबादला गेली, पोच मिळाली. पोचेवर तुझी सही होती. तुझं ते लांब शेपटाचं 'उ'!

म्हणजे तुला माहीत होतं. इतकी वर्षं तुला माहीत होतं, सत्ताईस! ती पेटी उघडलीस तेव्हा काय वाटलं रे तुला? जखमेचं मेडल हातात घेऊन तू काय केलंस? मला एक ओळ का नाही टाकलीस? का तूही माझ्यासारखाच, उद्या लिहू, परवा लिहू करत राहिलास?

राग यायला पाहिजे होता. मी वाट पाहिली त्याची. आला नाही. कागद उशीखाली ठेवले आणि वर्षभर काहीच केलं नाही. मग एके दिवशी हॉस्पिटलचा जुना कागद जोडला आणि शेवटचं अपील पाठवून दिलं. मेडलांबाबत तुझ्या घरी नोटीस जाणार हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून पाठवलं. हे तुला सांगायलाच हवं.

पंधरा दिवसांनी फोन आला.

"भाऊजी, मी हसनाबादहून बोलून राह्यले. सुमन. वळखलं का?"

"वहिनी, ते कागदाचं... मी..."

"कागदाचं नंतर. पैले जेवायला या. कधी येता ते सांगा."

जालन्याला गाडी बदलून गेलो. तुझ्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर. वहिनींनी भाकरी, मेथीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी जेवत असताना त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक डबी काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"हे तुमचं हाय. त्यांनी कधी लावलं न्हाई. शाळेत झेंड्याला बोलवायचे, तं खिशात घालून जायचे. मास्तर म्हणायचे, लावा की काका. तं हे म्हणायचे, पिन तुटली."

मी जखमेचं मेडल उलटं करून पाहिलं. पिन धड होती.

"दोनदा तुमच्याकडं निघाले होते," वहिनी म्हणाल्या. "एकदा जालन्याच्या स्टँडवरून माघारी आले. म्हणले, गाडीला लई गर्दी होती. दुसऱ्यांदाबी तसेच माघारी आले. हातपाय धुऊन शेतात गेले."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "वहिनी, त्या दिवशी ताप होता का त्याला?"

"होता म्हणायचे. पण उठता आलं असतं, असंबी म्हणायचे."

मी भाकरीचा उरलेला तुकडा खाल्ला. वहिनींनी विचारलं, आणखी वाढू का? मी म्हणालो, अर्धी वाढा. बस, एवढंच झालं! तीस-पस्तीस वर्षांनी मला हवं ते उत्तर मिळालं आणि मी अर्धी भाकर मागितली. तुला हसू येईल. नाहीतर येणारही नाही.

निघताना वहिनींनी मुलाकडून एक कागद लिहून घेतला. 'ही मेडलं आमच्या मालकाची नाहीत. ज्यांची आहेत त्यांना द्यावीत, आमची हरकत नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि नोटिशीला उत्तर म्हणून पाठवून दिला. माझं अपील मंजूर झालं ते त्या दोन ओळींमुळं. माझ्या इतक्या वर्षांच्या अर्जांनी झालं नव्हतं.

पत्र आलं त्या दिवशी मिलिंदनं पहिलं पान उभ्याउभ्याच वाचलं. मग खाली बसून परत वाचलं. "बाबा," म्हणाला. माझ्या पायाकडं पाहत राहिला. मग बाजारात जाऊन पेढे आणले, गल्लीत वाटले. लोक येऊन गेले. ज्यांनी ट्रक उठवला होता तेही येऊन गेले. एकानं म्हटलं, "लई आनंद झाला असंल, फौजी!" मी म्हणालो, झाला. खरं सांगू? मला खुर्चीत बसल्याबसल्या फक्त एवढंच दिसत होतं, की पेढ्याच्या खोक्यावर माश्या बसतायत आणि कुणी झाकण लावत नाही.

सगळे गेल्यावर मी दुसरं पान वाचलं.

कुणा क्लार्कनं काम सोपं करून टाकलंय. तुझ्या नंबरावरची दोन्ही मेडलं माझ्यावर आणली आणि तुझा रकाना कोरा केला. जखमेचं माझं होतं, ते बरोबर. पण विदेश सेवेचं? ते तर दोघांचं होतं! तू होतास की तिथं! माझ्यानंतरही दीड वर्ष होतास. आता तुझ्या कागदावर लिहिलंय, सदर काळात प्रत्यक्ष क्षेत्रात हजर असल्याची नोंद नाही. म्हणजे इतकी वर्षं जो कोरा रकाना माझा होता तो आता तुझा झाला. मी केलं ते. अर्ज माझा, सही माझी.

त्या पानाची एक प्रत वहिनींनाही गेली. परवा त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"भाऊजी, एक विचारू का? मंग हे तिकडं गेल्ते का न्हाई?"

"गेल्ते वहिनी. माझ्या शेजारी झोपायचे."

"कागदात तं न्हाई."

त्या म्हणाल्या, "बरं, ठेवते," आणि ठेवला. त्या बाईनं नवऱ्याच्या पेटीतून काढून मला मेडलं दिली, आणि मी तिला काय दिलं? हा प्रश्न!

म्हणून हा नवा अर्ज. काल मीच उलटा फोन केला; सोमवारी वहिनी मुलाला घेऊन जालन्याला येणार आहेत. अर्जदार त्या, साक्षीदार मी. प्रतिज्ञापत्रात एक रकाना असतो, साक्षीदाराने स्वतः काय पाहिले. आतापर्यंत पेन तिथंच अडत होतं. आता लिहीन. जहाजावर तू सारा वेळ ओकत होतास आणि तरी उतरताना माझी पेटी तूच उचललीस, ते लिहीन. सहाव्या दिवशी विहिरीवर गोळ्या येत होत्या, कंपनीत प्यायला पाणी नव्हतं आणि तू पोटावर सरपटत जाऊन कॅन भरून आणलेस, तीन खेपा केल्यास, ते लिहीन. तिसऱ्या खेपेला परत येऊन तू म्हणालास, "पाणी गोड हाय, आपल्याकडच्यासारखं," तेही लिहिलं तर चालेल का? लिहीन. आणि तेराव्या दिवशी तू गस्तीला नव्हतास, छावणीत होतास, हेसुद्धा लिहीन. त्यात एक अक्षर खोटं घालणार नाही. तुला खोट्याची गरज नाही.

ते नाही म्हणतील. पहिल्यांदा म्हणतातच. मी दुसरा अर्ज करीन, मग तिसरा. मला आता कागदाची वाट माहीत झालीय आणि मला दुसरं काम नाही. शब्द देतो, मी असेपर्यंत तुझा रकाना कोरा राहणार नाही, आणि वहिनींना तो प्रश्न पुन्हा कुणाला विचारावा लागणार नाही.

साक्षीदाराच्या रकान्यातली पहिली ओळ मी आत्ताच, हे पत्र लिहितालिहिता, त्या कागदावर उतरवली आहे: हा माणूस तिथे होता. मी त्याला पाहिले आहे.

तुझा,
चौसठ