पाठ राहिली

मंगळवार, दिवेलागणीनंतर

घरात सगळ्यांनाच खरूज झाली आहे. दवाखान्याच्या आशाताईने आज लोशन दिलं नि बजावलं, "सगळ्याइनं एकाच दिवशी लावा. मानेपासून तळपायापर्यंत, बोटाच्या बेचक्यात बी. एक जन राहिला तं साऱ्याइले परत होते. सकाळी आंघोळ करा."

लावलं मी. पाठ सोडून. तिथे हातच पोचत नाही.

पलीकडच्या खोलीत दीर जाऊच्या पाठीला लावून देत होता आणि ती हसत होती. गार लागतं म्हणून एवढं हसायचं असतं का? आमचे हे नागपूरला कामावर, दिवाळीपासून घरी नाहीत. मी पोळी उलटायच्या सराट्याला फडकं गुंडाळून पाठीवर फिरवलं. तेवढं लोशन फडकंच प्यायलं.

मग जाऊच दारात आली. "बाई, तुमच्या पाठीले लावून देऊ काय?"

"लावलं मी," म्हटलं. काऊन खोटं बोलले? त्या हसऱ्या बाईचा हात मला पाठीवर नको होता.

पण तिची पिंकी रोज माझ्याच कुशीत झोपते. त्या लेकराचं काय चुकलं?

शेवटी मीच हाक मारली. ती आली, काही न विचारता पाठभर लावून गेली. हात हलका आहे मेलीचा.

आठ दिवसांनी परत लावायचं आहे. ह्यांना फोन केला, त्या दिवशी घरी या.

"कायले?"

"पाठीसाठी," म्हटलं.

येतो म्हणाले. त्या दिवशी मीही हसणार आहे, भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढं.