बास्ता म्हणजे

३ सप्टेंबर, मंगळवार

पाय गेले! वर्गात उभी, घरी उभी. संस्थेच्या संचालकांना कुठून सुचलं कोण जाणे — इटालियन भाषा जेवणातून शिकवा म्हणे! मागच्या खोलीत शेगडी आली, लांब टेबल आलं, आणि मी शिक्षिका होते ती आचारी झाले, भांडी घासणारीही झाले. आधी पास्ता, मग भाजी, मग फळ, मग कॉफी. प्रत्येकाबरोबर क्रियापदं. घाई करायची नाही, उभ्याने खायचं नाही, फोन बघायचा नाही, तिकडे जेवण म्हणजे आधी गप्पा — असं मीच ठासून सांगते. आणि घरी येऊन ओट्याशी उभी राहून डब्यात उरलेलं थंडच गिळते.

सासूबाई आजही दोन घास खाऊन "बस्स" म्हणाल्या. ताट त्यांच्या खोलीतून परत.

५ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. आईंचं वजन आणखी उतरलंय. "आजार काही नाही. पण खाणं वाढलं नाही तर नळी घालावी लागेल." त्यांच्यासमोरच म्हणाले! आई भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मामंजी गेल्यापासून हे असंच चाललंय. आमचे हे बोटीवर नोकरीला. तिथून फोनवर विचारतात, "आई जेवली का?" — जसा काही मीच चमचा लपवून ठेवलाय!

संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, तुझ्याच्याने होत नाहीये आता. पुढच्या रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. मी भरवायला बाई बघितलीय."

"बरं," म्हणाले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. मग वाईट वाटलं. मग झोप आली.

८ सप्टेंबर, रविवार

दोन घास. बस्स.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज 'बास्ता' शिकवलं. वाढणारा थांबेना, की म्हणायचं — बास्ता. म्हणजे पुरे. आमचे टायवाले ताटली घेऊन उभे. निवृत्त साहेब आहेत, जेवणाच्या वर्गालाही टाय लावून येतात. वर्गातलीच नर्सबाई त्यांना वाढतेय, वाढतेय. हे आपले गप्प. शेवटी मी आठवण करून दिली, "बास्ता?"

"बसतो की!" म्हणाले आणि बसले! टोमॅटोचा सगळा सॉस मांडीवर. नर्सबाईला हसताना ठसका लागला. मीसुद्धा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

घरी आल्यावर ताट ठेवता ठेवता आईंना सगळं सांगितलं, नकला करून. पण त्या कुशीवर, उजवा कान उशीत. वर डावा, आणि तो तर कधीच गेलाय — अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला तो हेडफोन. म्हणजे मी भिंतीशीच बोलत होते. ताट नेलं तसं परत आणलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आईंची बॅग भरली. साड्या, स्वेटर, औषधं, मामंजींचा फोटो.

संध्याकाळी बघते तर फोटो परत कपाटावर! त्यांनीच काढून ठेवलेला. मी पुन्हा भरला नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

ओट्याशी उभी राहून वर्गातला उरलेला पास्ता खात होते. टायवाल्यांचा फोन. "मॅडम, ते पोट भरल्यावर म्हणायचं की भरायच्या आधी?" वैताग नुसता! लाईनही खराब. मी ओरडले, "बास्ता! अहो, बास्ता! बास्ता!"

फोन ठेवला तर मागे वॉकरची टकटक. आई! आपल्या पायांनी स्वयंपाकघरात! खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बोलावलंस ना? बसता, बसता म्हणून केवढ्यांदा ओरडत होतीस."

आता काय सांगणार! "हो," म्हणाले.

"मग वाढ. आणि तू काय पहाऱ्यावर आहेस? बस."

टेबलावरचे धुतलेले कपडे ढकलून बसले. 'चिकट दोऱ्या' म्हणून नावं ठेवत ठेवत त्यांनी सगळा पास्ता संपवला. वर ब्रेडच्या तुकड्याने ताटली पुसून खाल्ली. मी सांगितलं, याला इटालियनमध्ये 'छोटा जोडा करणं' म्हणतात. "जेवताना जोडा? भारीच आहेत तुझी माणसं!"

मग जरा वेळाने म्हणाल्या, "हे गेल्यापासून कुणी बसता का म्हणून विचारलं नव्हतं गं. खोलीत ताट येतं, जातं. नळीत आणि त्यात काय फरक?"

मला रडूच आलं. पाण्याच्या निमित्ताने उठले.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज मुद्दाम विचारलं. "आई, बसता?"

"बसते की."

आजही जेवल्या. टेलिफोनवर जुळलेल्या एका लग्नाची गोष्ट सांगितली. नणंदेला फोन करायला हवा. पण सांगू काय? आईंनी चुकीचं ऐकलं म्हणून जेवल्या? हे दोन दिवसांचं कौतुक असलं तर? पुन्हा ताटं परत यायला लागली तर? तेवढं बळ नाही आता माझ्यात.

फोन केला नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

नणंद आली. बॅग दाराशी. आई टेबलाशी, पुढ्यात अर्धी ताटली.

"चल आई, उशीर होतोय."

"बास्ता," आई म्हणाल्या.

"हो गं, बसलीयेस, दिसतंय मला. ऊठ आता."

"बसता नव्हे. बास्ता! म्हणजे पुरे. हिच्या भाषेत. पुरे झालं तुमचं हे न्यायचं-आणायचं."

मी विचारलं, "आई, म्हणजे मंगळवारी तुम्हाला सगळं...? मग परवा ते चुकून..."

"उशीतूनही ऐकू येतं," म्हणाल्या. "हिलाही वाढ. आणि बस."