शिवणभत्ता

ती. वन्सं यांस,

वाकून नमस्कार करणार होते, पण जमिनीवर जिकडेतिकडे कागद पसरलेत आणि त्यांच्यात टाचण्या आहेत, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्या. यजमानांचा खोकला गेला का? तुमचे गुडघे कसे आहेत? (गुडघ्यांची चौकशी नुसती रीत म्हणून करत नाहीये, कारण पुढे कळेल.) पत्रात यानंतर इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायचं असतं. आम्ही खुशाल नाही. मी तर सकाळपासून नुसती धुमसते आहे, आणि वन्सं, तुमच्या वडीलकीचा पूर्ण मान राखून सांगते, या धुमसण्यात तुमचा वाटा मोठा आहे.

मी तुम्हाला चांगलं सविस्तर पत्र लिहिलं होतं. कपडे बेतायला शिकायचंय, सुरुवात शर्टापासून करायची आहे, कोणतं पुस्तक घेऊ? तुम्ही एवढ्या मोठ्या कारखान्यात पॅटर्न काढणाऱ्या खात्याच्या मुख्य. तुम्ही कागदावर एक रेघ चुकवलीत तर गावभर लोकांच्या काखा आवळतील. म्हटलं, घरातच जाणकार माणूस आहे, उगाच बाहेर कशाला विचारा. आणि उत्तर काय आलं? पोस्टकार्ड. त्यावर एकच ओळ, ‘कुठलंही घ्या, सगळी सारखीच असतात.’ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सारखीच कशी असतील? डॉक्टरला औषध विचारावं आणि त्याने म्हणावं, घ्या कुठलंही, सगळी कडूच! अर्धं कार्ड कोरं होतं, वन्सं. तिथे निदान एखाद्या पुस्तकाचं नाव मावलं असतं.

शर्ट घरी कशाला शिवायचा, हेही तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. तुमचे बंधुराज दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि पडले, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाड जुळलं, पण डावा खांदा दोन बोटं खाली बसला आणि हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांनी बजावलं, रोज व्यायामाला पाठवा, बाहेर हिंडू द्या, हात हलता ठेवा, आत्ता नाही हलवला तर कायमचा असाच धरेल. यांनी मान डोलावली आणि घरात बसले ते बसलेच. का, तर शर्ट नीट बसत नाही! तयार शर्ट घातला की कॉलर डावीकडे घसरते, गुंड्यांची पट्टी तिरकी पळते आणि खालचा घेर एका बाजूला लोंबतो. म्हणून कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे नेलं. हा शिंपी मापं घेत नाही, पुकारतो. छाती अमुक, गळा तमुक, उजवा खांदा बरोबर, आणि डावा, अहो डावा पारच पडलाय! आतल्या कारागिराला नीट ऐकू आलं नाही म्हणून मेल्याने पुन्हा ओरडून सांगितलं. दुकानात गिऱ्हाइकं होती, सगळ्यांनी वळून खांदा बघितला. हे टेप गळ्यात तशीच घेऊन घरी आले (ती मी परत नेऊन दिली, आणि देताना शिंप्याला चार शब्द सुनावले, ते पुकारण्यासारखे नव्हते).

तेव्हापासून बनियनवर जुना स्वेटर आणि खुर्ची. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस, रोज सकाळी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रांतल्या चुका काढल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नव्हता, तो आता खिडकीपाशीसुद्धा येत नाही. रस्त्यावरून कोणी बघेल म्हणे. मला भीती वाटते, वन्सं. आणि भीती वाटली की मी चिडते, हे तुम्ही इतकी वर्षं बघत आला आहात. म्हणून ठरवलं, शिंप्याचं तोंड नको, आपणच शर्ट बेतायचा. शाळेत एवढी वर्षं भूमिती शिकवली, मला काय जड आहे?

आमच्या खिडकीसमोरच पुस्तकांचं दुकान आहे. तिथल्या दुकानदाराचं नाव मी ‘हेच जातं’ ठेवलंय, कारण कुठल्याही पुस्तकावर हात ठेवला की, हेच खपतं या अर्थी, तो तेवढंच म्हणतो. कपडे बेतण्याची पुस्तकं त्याने कुत्र्यांची निगा आणि कुंडीतली झाडं यांच्या मधोमध कोंबलीत. माझे पिकलेले केस बघून त्याने आधी भरतकाम दाखवलं, मग नातवंडांची टोपरी. मी म्हटलं, मला पुरुषाचा शर्ट बेतायचाय, एक खांदा खाली असलेला. त्याने एक जाडजूड पुस्तक काढलं, फुंकर मारून धूळ माझ्या तोंडावर उडवली आणि म्हणाला, हेच जातं. जातं तर धूळ कशी बसली, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं, घेतलं.

ते जाडजूड म्हणजे कॉलेजच्या पोरांना परीक्षेत छळायला लिहिलेलं. माणूस पानं गुंडाळत होता तिथपासून सुरुवात! निम्मं पुस्तक झालं तरी शर्ट म्हणून नाही. आला एकदाचा, तर तो ‘प्रमाण देहाचा’. प्रमाण देह म्हणजे चित्रात एक उंच गृहस्थ आहेत, दोन्ही खांदे पट्टीने आखल्यासारखे, पोट नाही, आणि मानेच्या वर डोकंच नाही. असला नवरा कोणाला असतो हो? असलाच तर त्याला शर्ट घालून दाखवायचा कोणाला? बाकीच्या आपल्यासारख्यांसाठी शेवटी एक प्रकरण आहे, त्याचं नाव ‘सदोष देह’. सदोष! लिहिणाऱ्याला समोर उभं करून त्याचा देह तपासायला हवा होता. आणि त्या प्रकरणात उपाय काय, तर पडलेल्या खांद्याखाली कापसाची गादी ठेवावी, वरून दिसत नाही. मी हे यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, मला उशी करतेस का? आणि तोंड फिरवून बसले. पुस्तक मी कपाटाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं, तिथे ते छान बसलंय.

दुसरं वाचनालयातून आणलं, कारण आता माझा दुकानावरचा विश्वास उडाला होता. हे पातळ, गुळगुळीत, घरबसल्या शिका छापाचं. लेखिका पानोपानी हसते. कात्री धरून हसते, टेप धरून हसते, एका पानावर तर इस्त्रीकडे बघून हसते आहे. कुठे कसं कापायचं विचाराल तर प्रत्येक वेळी एकच उत्तर, सोबतचा खाका पाहा. सोबतचा खाका शेवटच्या कव्हराच्या खिशात. खिसा रिकामा! कोणीतरी शहाण्याने आधीच लांबवलेला. ग्रंथपालबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, पानं मोजून घेतो आम्ही, खिसे नाही बघत. मी तिथेच तोंड सोडणार होते, पण भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेलं होतं, म्हणून जिन्यात येऊन बोलले.

तिसरं पुन्हा ‘हेच जातं’कडचं. (हो, गेले पुन्हा. दुसरं दुकान बसने जाण्याइतकं लांब आहे.) हे परदेशी पुस्तकाचं भाषांतर. घेतलं एवढ्यासाठी, की या एकाच पुस्तकात खाली-वर खांद्यांचा खाका होता, सदोष वगैरे न म्हणता, सरळ. पण भाषांतर करणाऱ्याने आयुष्यात सुई धरलेली नाही, हे मी लिहून देते. त्यात लिहिलंय, ‘धान्याची दिशा पाहून कापड पसरावे.’ मी कापड उचललं आणि खाली दाणे सांडलेत का बघितलं! शेवटी चित्रातल्या बाणावरून उलगडा झाला, की बाबाला कापडाचा उभा धागा म्हणायचाय. पुढे, ‘दोन्ही खांद्यांवर जू ठेवून टाचण्या लावाव्यात.’ (चित्रात बघितलं तर शर्टाची खांद्यावरची पट्टी.) यावर तुमचे बंधुराज बऱ्याच दिवसांनी तोंड उघडून म्हणाले, जू लग्नापासून आहेच, टाचण्या तेवढ्या लाव. पुढे, ‘छातीस चार बोटे सुख द्यावे,’ म्हणजे तेवढं सैल ठेवावं. आणि प्रत्येक खाक्याखाली बारीक अक्षरात, ‘शिवणभत्ता समाविष्ट नाही.’ आता महागाईभत्ता ऐकलाय, प्रवासभत्ता ऐकलाय. म्हटलं, शिंप्याला मजुरीवर काहीतरी जास्तीचं देत असतील त्यांच्याकडे. मी घरची बाई, मला कोण भत्ता देतंय? सोडून दिलं ते वाक्य.

आणि काल कापड बेतलं. माझ्या रेषा बघायला हव्या होत्यात तुम्ही, बाही जोडायच्या मुंढ्याचा गोल तर असा, की पोरांना फळ्यावर दाखवावा. कालच धावदोरा घातला, आज सकाळी शर्ट यांच्या अंगात चढवला. चढवला म्हणजे कोंबला. पाठीत आवळला, छातीवर गुंडी आणि काज यांची भेट होईना, डावी बाही टाचण्यांवर कशीबशी लागली. मी म्हटलं, बसून बसून तुमचं अंग सुटलंय. हे म्हणाले, तुझी भूमिती आटलीय. तिथून जे आमचं जुंपलं, ते शेजारच्यांनी खिडकी लावून घेईपर्यंत. माझी एवढी मेहनत मातीत गेली, आणि यांनी काय करावं? तो शर्ट अंगात तसाच (डावा हात बाहेर निघतच नाही, करणार काय), आतल्या खोलीत जाऊन तिसरं पुस्तक उघडलं आणि लाल पेन्सिल मागितली. माझं इथे कापड गेलं, आणि यांना पेन्सिल हवी! आत्ता हे लिहिते आहे तर आतून सारखं छे, छे, हट्, असं ऐकू येतंय. मी लक्ष देणार नाहीये.

तर असं आहे. सगळी पुस्तकं सारखीच असतात हे तुमचं म्हणणं खरं ठरलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. यजमानांना नमस्कार सांगा, तुम्हाला काय सांगायचं ते वर सांगितलंच आहे.

तुमची,
रागावलेली भावजय

ता. क. राग बाजूला ठेवून एक विचारते. तुम्ही येता का? मला पुस्तक नको, तुम्ही हव्या आहात. यांची मापं तुम्ही घ्या, दार लावून, हळू आवाजात. तुमच्यासमोर ते लाजणार नाहीत, लहानपणी तुम्हीच त्यांच्या गुंड्या लावत होतात. गुडघ्यांची चौकशी केली ती यासाठी, आमचा जिना तुम्हाला माहीत आहे. आणि येताना तसलंच निळं कापड आणा. तुम्ही यांच्यासाठी पाठवलं होतंत ना, तेच मी बेतलं. त्याचं जे झालं ते वर लिहिलंय, फक्त कापड कुठलं ते लिहिलं नव्हतं.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात आतून आरोळी आली, ‘अगं, भत्ता नव्हे, माया! शिवणीतली माया! याने मायेचा भत्ता करून ठेवलाय!’ वन्सं, मी मटकन खालीच बसले (टाचणीवर). शिवणीसाठी कडेने जास्तीचं कापड सोडतात, ती माया धरायची राहिली होती. शर्ट आवळला तो त्यामुळे, यांचं अंग सुटलेलं नाही आणि माझी भूमितीही आटलेली नाही. हे सांगायला आत गेले तर खुर्ची रिकामी. त्या खोलीचं जिन्याकडचं दार सताड उघडं. खिडकीशी धावले. तुमचे बंधुराज ‘हेच जातं’च्या पायरीवर उभे, अंगात तोच शर्ट, पाठीवर टाचण्या, चार माणसं जमलेली, आणि हे त्या दुकानदाराला भाषा शिकवताहेत. पुस्तक त्याच्या नाकासमोर नाचवत होते. मग ते वर उचललं, सगळ्यांना दिसावं म्हणून. डाव्या हाताने, वन्सं. उजव्या हातात पेन्सिल होती. कानापर्यंत नाही गेला हात, पण खांद्याच्या वर गेला, मी या डोळ्यांनी बघितला. बाही मुंढ्यातून टर्रकन उसवली, ती माझ्या खिडकीपर्यंत ऐकू आली. यांना पत्ताच नाही. मी हाक मारली नाही. मारता आलीच नसती, रडत होते.

शेवटचा ता. क. तरीही तुम्ही याच. तोवर बेताचा अंदाज यावा म्हणून यांची मापं मागच्या पानावर लिहिली आहेत, पण डाव्या खांद्याचं माप पक्कं धरू नका, ते बदलेल असं दिसतंय. त्या बाजूला माया जरा जास्त सोडा.