केबलला थोडी माया

३ मार्च, मंगळवार

ठरलं! चार्जर घ्यायचा. आपल्याकडे गाडी नाही, मला चालवता येत नाही, ह्यांनी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर स्कूटरसुद्धा विकून टाकली — तरी घ्यायचा!

परवा आमची लेक, खारू, आली होती. चौतीस वर्षांची झाली, कंपनीत तिच्या हाताखाली वीस माणसं आहेत, पण मला ती अजून खारूच. दहाला आली आणि नेहमीसारखी चारच्या ठोक्याला चपला घालून उभी. तिची गाडी विजेवरची. हायवेवरचं चार्जिंगचं ठिकाण इथून पन्नास किलोमीटरवर, संध्याकाळी तिथे रांग लागते म्हणे. आणि मग ते ठरलेलं वाक्य — इथे चार्जिंगची सोय असती तर राहिले असते गं.

अगं, मग करते की सोय! इतकं साधं मला इतके दिवस सुचलं कसं नाही?

४ मार्च, बुधवार

दुकानात जाऊन आलो. दुकानवाल्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, गाडी कोणती? म्हटलं, गाडी नाही. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे छताकडे पाहायला लागले. मग मी सांगितलं, मुलीची आहे, ती येते. किती वेळा? महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. बाईंनी टोपण परत लावलं! पण चांगल्या आहेत, हसल्या नाहीत.

दोन प्रकार दाखवले. मोठा, भिंतीवरचा, चकचकीत — रिकामी गाडी सहा तासांत भरतो. आणि छोटा, डब्याएवढा — बारा तेरा तास घेतो. हे लगेच मोठ्याच्या प्रेमात. जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, यंत्र दिसलं की माणूस विरघळतो. सगळी माहितीपत्रकं घरी घेऊन आलेत. जेवताना ताटाशेजारी एक, पाणी पिताना हातात एक.

मलाही मोठाच आवडलाय. लेकीसाठी घ्यायचा तर हात आखडता कशाला!

५ मार्च, गुरुवार

सहा तास. दहाला येते, चारला जाते. म्हणजे सहाच तास! मोठा घेतला तर चारच्या ठोक्याला तिची गाडी टम्म भरलेली. हायवेवर थांबायलासुद्धा नको. मीच हाताने भरून द्यायची आणि मीच फाटकाशी उभं राहून टाटा करायचा!

छोटा घ्यायचा. बारा तासांचा.

७ मार्च, शनिवार

घरात भांडण. हे म्हणतात, जमाना वेगाचा आहे आणि तू सावकाश वस्तू शोधून काढतेस. मी म्हटलं, छोटा हलका आहे, सुटसुटीत आहे, मोठ्याला विजेच्या कचेरीत अर्ज करून जास्तीचा भार मंजूर करून घ्यावा लागेल. हे म्हणाले, करतो ना अर्ज, मला काय उद्योग आहे! घ्या. माझं घोडं तिथेच अडलं. शेवटी चिडून म्हणाले, "तुला कळतं का त्यातलं काही?"

कळतं. तुमच्यापेक्षा जास्त कळतं. पण सांगू कसं?

९ मार्च, सोमवार

बाईंना फोन करून छोट्याची ऑर्डर दिली. ह्यांना नंतर सांगितलं. रुसलेत. माहितीपत्रकं मात्र अजून उशाखाली आहेत.

१० मार्च, मंगळवार

नवा घोळ. केबल किती लांब हवी? ते अवलंबून कशावर, तर गाडीचं चार्जिंगचं भोक कुठल्या बाजूला आहे त्यावर. खारूला विचारावं तर सगळा बेत फुटणार. तिचे गाडीसोबतचे जुने फोटो काढून बसले — प्रत्येक फोटोत आमच्या बाईसाहेब नेमक्या भोकासमोर उभ्या!

मग डोकं चालवलं. फोन करून सांगितलं, तुझ्या गाडीला कव्हर शिवते, मापं दे. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली, आता गाडीची! तिने लांबी सांगितली, रुंदी सांगितली. मी सहज विचारल्यासारखं — प्लग लावायला झडप कुठे ठेवू? "पुढे, डाव्या चाकाच्या वर. आई, तू खरंच शिवणारेस?" हो म्हटलं. आता शिवावं लागणार. नऊ मीटर कापड लागेल मेलं!

अंगणात टेप धरून मोजलं. साडेतीन मीटर पुरतंय. पण पाच मीटरची सांगितली. कपड्यात आत माया ठेवतो तशी केबललाही ठेवायला नको का? ती गाडी नेहमी मनाला येईल तिथे लावते.

१२ मार्च, गुरुवार

आज कव्हर कापताना हात थांबला. इथे तरी खरं लिहिते.

चार्जिंगमुळे ती राहत नाही असं नाही. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला सोडून एक बॅग घेऊन संध्याकाळी आली होती. मी काय म्हणाले? "चार दिवस राहा, डोकं शांत झालं की परत जा." ती चार दिवस राहिली नाही. सकाळी चहाही न घेता गेली. भाड्याचं घर बघितलं, मग गाडी घेतली. येते, हसते, बोलते, ह्यांच्या गोळ्यांचे डबे भरून देते. पण त्यानंतर एक रात्रसुद्धा या घरात झोपली नाही. मी कधी चुकले म्हटलं नाही. जीभ रेटत नाही. चार्जर बसवायला मात्र निघाले!

बरं, मग तसं तर तसं. काहीतरी करतेय ना.

१६ मार्च, सोमवार

आज येतो म्हणालेला वायरमन आला नाही.

१७ मार्च, मंगळवार

आला! बसला! फाटकाशेजारी खड्डा खणून अर्थिंग केलं, पोर्चच्या भिंतीवर वेगळा स्विच, त्याखाली डबा. हे रुसवा विसरून दिवसभर त्याच्या मागे मागे, स्क्रू धर, टेस्टर दे. वायरमन जाताना सांगून गेला, भरत असताना दिवा लुकलुकतो, भरून झालं की स्थिर राहतो. आणि मग म्हणाला, "काकू, गाडी कधी येणार?" म्हटलं शनिवारी. तो नवी गाडी समजला, पेढे ठेवा म्हणाला.

मी दोनदा बाहेर जाऊन बघून आले. नुसती भिंत आहे, डबा आहे, आणि मला किती आनंद झालाय!

२० मार्च, शुक्रवार

तिच्या खोलीतून शिलाई मशीन बाहेर काढलं. गादीला ऊन दाखवलं. कव्हर अर्धंच झालंय.

२१ मार्च, शनिवार

दिवेलागणीला लिहितेय. ती घरात आहे! दिवेलागणीला!

दहाला आली. फाटकातून आत येताच डबा दिसला. बघतच राहिली. गाडी अर्थातच भिंतीपासून लांब लावली, पण केबल पुरली. वर थोडी उरली! दिवा लुकलुकायला लागला तेव्हा ह्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच घोटाळा केलाच — म्हणाले, मी मोठा घेऊ म्हणत होतो, तुझ्या आईने हट्टाने बारा तासांचा घेतला.

तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पदराला हात पुसत बसले. ती म्हणाली, "म्हणजे आज निघणं होत नाही." एवढंच. आवाजावरून काही कळेना. बरं वाटलं की अडकल्यासारखं वाटलं? दुपारी गाडीत काहीतरी विसरलं म्हणून बाहेर जाऊन आली, मग तिच्या खोलीत दोन तास गाढ झोपली. मी दारातून तीनदा बघितलं.

पण मनाला टोचतंय. मी लेकीला दावं लावून बांधून ठेवलंय.

२२ मार्च, रविवार, सकाळी सात

दिवा अजून लुकलुकतोय! वीस तास होऊन गेले! डबा बिघडला. हे म्हणतात, स्वस्तातला माल, मी सांगत होतो. काही सुचत नाहीये. ती उठून बघेल, गाडी भरलेली नाही, पुन्हा म्हणून इथे मुक्काम करायची नाही. चांगली खोड मोडली माझी. जाते, उठवते आणि खरं सांगून टाकते.

सकाळी नऊ

सांगितलं. सहा तासांचं, बारा तासांचं, मुद्दाम सावकाश चार्जर घेतल्याचं. आणि तीन वर्षांपूर्वी जे बोलले ते चुकलं, तेही. आधी रडले, मग बोलले, मग पुन्हा रडले. ती अंथरुणातून उठली नाही. सरकून मला बसायला जागा केली.

"डबा चांगला आहे, आई. गाडीतून चार्जिंगचा वेग कमी करता येतो. काल दुपारी जाऊन मी केला, अगदी कमीत कमी."