गर्दीच्या दिवसाची सुई

डॉक्टर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली आणि मला तुमचा राग आता आलाय.

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या भावानं पेठच्या शिबिरात रक्त दिलं. आठ दिवसांनी फोन आला, येऊन भेटा. बी प्रकारची कावीळ निघाली, कित्येक वर्षं आत दबून बसलेली. लिव्हर कडक होत चाललंय. दारूचा थेंब न घेणारा माणूस. बायकोनं त्याचं ताट वेगळं केलं. मी तिला सांगून थकले, अगं, हे जेवणातून पसरत नाही, रक्तातून पसरतं, नवराबायकोत पसरतं, तू तपासून घे. तिचं रक्त स्वच्छ निघालं, तिनं लसही घेतली. ताट मात्र अजून वेगळंच आहे. "आक्का, मी कुनाचं काय वाईट केलं व्हतं?" तो विचारतो, आणि मला तुमचा दवाखाना दिसतो.

बाजाराचा दिवस आहे, पार लोणीपासून माणसं आलीत. मी अठरा वर्षांची, तुमच्याच हाताखाली शिकलेली. काचेची एक सिरिंज, एक सुई. एकाला टोचायची, गरम पाण्यात बुडवायची, पुढच्याला टोचायची. "डॉक्टर, मधे उकळायला नको का?" मी एकदाच विचारलं. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "मला शिकवतेस? गर्दी बघ. बुडव आणि दे." बाकावरची म्हातारी हसली, "सुईबिगर गुण नाय येत, पोरी." संध्याकाळी तुम्ही मला नाडी मोजायला मनगटी घड्याळ दिलंत. मी आनंदानं रडले होते, त्याची आज लाज वाटते.

तुम्हाला माहीत होतं. तुमच्या स्वतःच्या मुलाला ताप आला तेव्हा तुम्ही पुण्याहून पाकीटबंद सुई आणलीत. ते पाकीट मीच फोडलं. गावानं तुमचा फोटो शाळेत लावलाय, तुमच्या हाताला गुण होता म्हणतात. तो फोटो मला भिंतीवरून ओढून काढावासा वाटतो.

कुठून लागलं ते आता सिद्ध होणार नाही, असं तपासणारे म्हणाले. पण आईचं रक्त स्वच्छ निघालं, म्हणजे जन्मताना नाही. चार वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला, तेव्हा आठ दिवस रोज सुई होती. परवा मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, तवा सुया तूच देत व्हतीस."

"नाही रे," मी म्हटलं, "डॉक्टर द्यायचे."

ते आठही दिवस तुम्ही पुण्याला होतात.