धम्मशीलाले इकडं धाडायचं का

बिश्केक, किरगिझस्तान

बाबा, तुम्हाले अन् आईले सप्रेम जयभीम.

ही चिठ्ठी मी लई दिवस टाळली. "फोनवर सारेच गोड बोलतात, कागदावर लिहून धाड, मंग धम्मशीलाले डॉक्टरकीले धाडायचं ठरवतो," असं तुम्ही म्हणाले, अन् लहान बहिणीच्या जन्माचा प्रश्न म्हणून मी लिहिणं पुढं ढकलत राह्यलो. मी इथल्या मेडिकल कॉलेजच्या मेसमध्ये पोळ्या लाटतो, डॉक्टरकीचं काय सांगू?

पण इथं डॉक्टरकी शिकणाऱ्या आपल्याकडच्या पोरांले रोज वाढतो, तर दिसते ते लिहितो. आपल्याकडच्या खाजगी कॉलेजापेक्षा फी लई कमी आहे, डोनेशन कोणी मागत नाही. शिकवणं इंग्रजीत आहे. पोरींचं होस्टेल वेगळं अन् उबदार आहे. मेथी मात्र कुठंच भेटत नाही.

पेशंट रशियन बोलतात. परवा आपल्या मलकापूरच्या प्रसेनजितनं घाईघाईत रशियन विसरून एका म्हातारीले आपल्याच बोलीत विचारलं, "कुठी दुखते वो माय?" तिनं अंदाजानंच गुडघा दाखवला. सारा वॉर्ड हसला. "आज अंदाजानं भागलं, रोज गुडघाच थोडी दुखणार," म्हणून तो रात्री जेवलाच नाही.

अन् शिकून परत गेल्यावर आपल्या देशात डॉक्टरकी कराले तिकडची वेगळी परीक्षा द्यावी लागते. त्यात बरेच अडकतात, हे पोरांले इकडं धाडणारा एजंट सांगत नाही.

धम्मशीला इथलं एकटेपण सोसेल का, मले सांगता येत नाही. मी थकलो आहे, पण माझं थकणं पाहून तिचं ठरवू नका. आई गोळ्या घेते ना?

आत्ताच दारात दुसरबीडची रेणुका येऊन उभी राह्यली. हिवाळ्यात शिक्षण सोडून रडत गावी गेली होती, परत येईल असं कोणालेच वाटलं नव्हतं. खांद्यावरची बॅग न उतरवता म्हणते, "दादा, लवकर वाढ. उद्या माझा राह्यलेला पेपर आहे."

तुमचा,
धम्मरत्न